चिऊच्या ताटलीविषयी

ठाणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा बाबा फोनवर किती आनंदाने सांगत होते, नातीला मांडीवर घेऊन चहात बिस्कीट बुडवून भरवीन म्हणून. आणि मी मध्येच तोडलं, तेही आवाज चढवून. बाबा, मला माफ करा. त्याच सकाळी चिऊच्या रक्ताचा रिपोर्ट हातात पडला होता. हिमोग्लोबिन 8.8, म्हणजे अंगात रक्त कमी. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे. काळजी करू नका, लोहाचे थेंब सुरू झालेत आणि पोर हसतेखेळते आहे. थेंबांमुळे शी काळपट होते, ते पाहून घाबरू नका.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, दूध किती पिते? मोजलं तर दोनशे मिलीच्या पाच बाटल्या. रोजचं लिटरभर! जेवत नाही तर निदान दूध तरी पोटात जातंय, या समाधानात मी होते. खरं तर दुधानेच पोट भरत होतं, म्हणून ती जेवत नव्हती. दुधात लोह नावालाच असतं आणि दुसऱ्या अन्नातलं लोह अंगी लागायलाही ते आड येतं. चहाचंही तसंच, म्हणून बिस्कीट-चहाला माझा जीव घाबरला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय निघाला होता. दहातली जवळजवळ सात मुलं! हे वाचून रात्रभर झोप लागली नाही.

आता दूध दिवसाला दोन वेळा, पेल्याने, मिळून चारशे मिलीच्या आसपास. बाटली बंद केली. पहिले तीन दिवस खूप रडली. चौथ्या दिवशी सकाळी मी उकड्या तांदळाची पेज खात बसले होते, तर जवळ येऊन माझ्या वाटीत हात घातला. मऊ शितं मुठीत दाबली, बोटांच्या फटींतून बाहेर आलेली चाटली आणि पुन्हा हात घातला. अर्धी वाटी पेज संपली गं आई! तेव्हा तुझी फार आठवण आली. तू मऊभाताचे सुपारीएवढे घास ताटलीच्या कडेने मांडायचीस, हा चिऊचा, हा काऊचा. तेच अन्न मी दुधाच्या बाटलीमागे विसरले होते.

म्हणून तुम्ही येताय याचा मला केवढा आधार वाटतो! आई, तिचं खाणं तुझ्या हाती सोपवते. सकाळी पेज किंवा मोड आणलेल्या नाचणीची खीर. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा दूध कमी केलं म्हणून हाडांची चिंता नको. नाचणीला मोड आणले की तिच्यातलं लोहही अंगी जास्त लागतं. तू सावलीत वाळवून, भाजून दळतेस, तसंच पीठ आण. दुपारी मुगाचं वरण-भात, वर तूप आणि लिंबू. लिंबू विसरू नकोस, डाळी-पाल्यातलं लोह शोषायला आंबट लागतं. शेवग्याचा पाला बारीक चिरून वरणातच शिजव, वेगळी भाजी ती थुंकून टाकते. कुळथाची पिठी तिखटाशिवाय केलीस तर आवडेल असं वाटतं. एक दिवसाआड अंडं, आणि मासे तर हवेतच. मासळीतलं लोह स्वतः तर लागतंच, शिवाय शेजारच्या भाताचं, डाळीचंही लागू करतं. बाबा, बाजार तुमच्याकडे. सुरमई किंवा पापलेट आणा, बारीक काट्यांची मासळी तिच्यासाठी नको. काटे मात्र दिव्याखाली बसून, बोटांनी चाचपून काढा. तुमच्याइतकं नीट कुणाला जमत नाही.

अख्खे शेंगदाणे, चणे, खोबऱ्याचा तुकडा हातात देऊ नका, घशात अडकतो. कूट करून द्या, द्राक्षं उभी चिरून. दोन वर्षांची होईपर्यंत साखर-गूळ टाळायचं ठरवलंय. खीर गोड लागायला पिकलं केळं कुस्करून घाला.

आई, तुला एक मागणं आहे आणि त्यात तुझा जीव तुटेल, हे मला ठाऊक आहे. तिने तोंड फिरवलं की ताटली उचल. मागे धावून, मोबाईल दाखवून भरवायचं नाही. मी सहा महिने तेच केलं. ती पडद्याकडे बघत तोंड उघडायची आणि पोटात काय जातंय हे तिलाही कळत नव्हतं. एवढंसं पोट तिचं, दोन घास कमी झाले तर पुढच्या वेळेला भूक लागेल. नवीन भाजी पहिल्यांदा थुंकली तरी पुन्हा दे, चार दिवसांनी परत दे. भोपळा तिने नवव्या वेळी खाल्ला. आणि जेवायला तुमच्या दोघांच्या मध्ये पाटावर बसवा. तुम्ही खाताना ती एकटक बघते, मग स्वतःच हात पुढे करते.

महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं आहे, तुम्ही तोवर इथे असाल.

तुतारी एक्सप्रेसचं तिकीट झालं की कळवा, पहाटेची गाडी असली तरी आम्ही ठाण्याला उतरवून घ्यायला येऊ. नाचणीचं पीठ, कुळीथ आणि उकडे तांदूळ तेवढे आणा, बाकी ओझं नको. आणि बाबा, संध्याकाळी तुमचा चहा होईल तेव्हा चिऊला मांडीवर घ्याच. तिच्यासाठी मऊ घावनाचा तुकडा मी बशीत काढून ठेवीन, तुमच्या हाताने भरवा.

तुमची लेक