परसातलं घर: प्लॅनआधी टेप काढ

प्रिय मंदार,

काका-काकूंसाठी तू कॅलिफोर्नियातल्या तुझ्या घरामागे एडीयू, म्हणजे परसातलं छोटं स्वतंत्र घर, बांधतोयस, त्याचा प्लॅन पाहिला. मांडणी छान आहे. देवघर कुठल्या भिंतीला यावर तुम्हा दोघांचं एकमत होईल तेव्हा होईल. माझी अडचण वेगळी आहे. घर पार मागच्या कोपऱ्यात ढकललंय आणि त्याचं सांडपाणी कुठून जाणार याची एकही रेघ कागदावर नाही. एडीयूचं बजेट फरशा नि किचनमुळे फारसं कोलमडत नाही, ते जमिनीखाली कोलमडतं. म्हणून तिथून सुरुवात कर.

मुख्य घराच्या भिंतीलगत सीवरचा क्लीनआउट असेल, जमिनीतून वर आलेला झाकणाचा पाइप. झाकण उघड, टेप आत सोड आणि तळापर्यंतची खोली मोज. मग ती पातळी मागच्या कोपऱ्यापर्यंत न्यायची. लेझर नसला तरी अडत नाही. आपले गवंडी वापरतात तो पाणी भरलेला पारदर्शक पाइप पुरतो. फक्त त्यात बुडबुडा राहू देऊ नकोस, नाहीतर माप फसवतं. सांडपाण्याच्या पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. कोपऱ्यापासून जोडणीपर्यंत ७० फूट धरले तर झाले साडेसतरा इंच. एडीयूतून बाहेर पडतानाच पाइप जमिनीखाली फूटभर असला, तर सपाट आवारात जोडणीपाशी साडेएकोणतीस इंच खोली हवी. तिथे जुना पाइप २४ इंचांवर निघाला की साडेपाच इंच कमी पडले.

मग तीनच वाटा. घर २२ फूट पुढे आणायचं, म्हणजे तेवढाच उतार वाचतो. किंवा जोतं उंच करायचं. पण मग दारात पायऱ्या आल्या, आणि रॅम्प करायचा तर दर इंच उंचीला फूटभर लांबी, म्हणजे दीड फूट जोत्याला १८ फूट रॅम्प. काकांचे गुडघे बघता हे मला पटत नाही. तिसरी वाट सांडपाणी वर ढकलणाऱ्या इजेक्टर पंपाची. तो चालतो, पण वीज गेली की संडास बंद, आणि कुणी ओले वाइप्स टाकले की पंप तुंबलाच. मी तर घर पुढे आणीन. बॅकयार्ड थोडं कमी होईल, होऊ दे.

तुझं घर १९६० च्या आसपासचं, म्हणजे रस्त्यापर्यंतचा पाइप भाजलेल्या मातीचा असण्याची शक्यता बरीच. त्याच्या सांध्यांत झाडांची मुळं शिरतात. कॅमेरा टाकून व्हिडिओ घे आणि तो प्लंबरकडून मागून स्वतःजवळ ठेव. टायटल रिपोर्टही, म्हणजे जागेवरच्या हक्कांची नोंद, काढून वाच. मागच्या कुंपणालगत युटिलिटी ईझमेंट, म्हणजे वीज-पाण्याच्या लाइनींसाठी राखलेला पट्टा, असेल तर तिथे बांधकाम करता येत नाही, सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर) काहीही असो.

सेटबॅकचंच बघ. कॅलिफोर्नियाचा कायदा बाजूला नि मागे ४ फुटांवर अडवत नाही, म्हणून सगळे भिंत बरोबर ४ फुटांवर आखतात. पण आग विझवणारे स्प्रिंकलर नसलेल्या घराची भिंत हद्दीपासून ५ फुटांच्या आत आली की ती एक तासाची अग्निरोधक लागते: दोन्ही अंगांना ५/८ इंची टाइप एक्स, म्हणजे आगीला जास्त टिकणारा जिप्सम बोर्ड, खिडक्या भिंतीच्या २५ टक्क्यांपर्यंतच, आणि छपराची वळचण खालून तशीच संरक्षित. एक फूट आत सरकलास तर भिंतीची नि खिडक्यांची ही बंधनं टळतात. त्या एका फुटाची किंमत प्लॅन काढणाऱ्याला विचार, बहुतेक वेळा तो सांगतच नाही.

आकार ८०० चौरस फूट का धरलास? तेवढं घर शहराला लॉट कव्हरेजच्या (प्लॉटचा किती भाग बांधकामाने व्यापायचा त्या मर्यादेच्या) नावाखाली नाकारता येत नाही, हे खरं. पण ७५० च्या खाली राहिलं की इम्पॅक्ट फी (नव्या घराच्या सोयीसुविधांवरच्या भारापोटी घेतात ती) लागत नाही, म्हणून जाणकार ७४९ काढतात. तुझ्या हॉलमधला तो अरुंद बोळ काढलास की ५१ चौरस फूट सहज कमी होतील. ५०० च्या वर शाळेची फी मात्र लागते, आणि परमिटची फी कुणाला चुकत नाही. अर्ज पूर्ण असेल तर शहराने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो; अपुऱ्या अर्जाचे दिवस मोजलेच जात नाहीत. तेव्हा घाईने नकाशांचा अर्धवट सेट देऊ नकोस. आणि काका-काकू पुण्याला परतल्यावर घर भाड्याने द्यायचं डोक्यात असेल, तर महिन्याहून कमी मुदतीने देणं विसर.

वीज: जुना पॅनल १०० अँपचा असेल तर इलेक्ट्रिशियन थेट २०० चा सांगेल. आधी लोड कॅल्क्युलेशन, म्हणजे विजेच्या एकूण भाराचा हिशेब, लेखी माग. इंडक्शन, हीट पंप नि हीट पंप वॉटर हीटर घेतलेस तर गॅसची चारी वाचते, पण भार वाढतो. वॉटर हीटर बाहेरच्या कपाटात ठेव, घुमतो. नव्या स्वतंत्र एडीयूला सहसा सोलरही लागतं, छपराची दक्षिण बाजू व्हेंट पाइपांनी भरू नकोस. चुलीवरचा हुड डक्टने बाहेर काढ. हवा फिरवून परत घरात सोडणारा हुड फोडणीपुढे कुचकामी.

बे एरियात बऱ्याच ठिकाणी चिकणमाती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. सॉइल रिपोर्टचे पैसे वाचवलेस तर जमिनीच्या स्लॅबला पडलेल्या चिरा पुढे मोजत बसशील. स्लॅब ओतण्याआधी इन्स्पेक्टरला सळई, जमिनीखालचे पाइप नि भिंत पायाला धरणारे अँकर बोल्ट उघडे दिसायला हवेत. बोल्ट साच्याला बांधलेले असू देत. ओल्या काँक्रीटमध्ये खुपसलेला बोल्ट तिरका बसतो, नि मग भिंतीच्या तळच्या लाकडी पट्टीचं भोक जुळत नाही. पुढे शिअर वॉलचे, म्हणजे आडवा धक्का पेलणाऱ्या प्लायवुडच्या भिंतींचे, खिळे स्वतः बघ. नेलगनचा दाब जास्त असला की खिळ्याचं डोकं प्लायवुडचा वरचा पापुद्रा फोडून आत घुसतं. लांबून भिंत पक्की दिसते, पण भूकंपात ती धरायचं काम तोच पापुद्रा करतो. बोटाने चाचपून बघ: डोकं पृष्ठभागाशी सपाट लागलं पाहिजे, खड्डा नको.

बाथरूममध्ये कमोड नि शॉवरमागे २x८ इंची फळ्या ड्रायवॉलच्या (भिंतीवरच्या जिप्सम बोर्डाच्या) आधीच ठोकून घे, म्हणजे धरायचे दांडे हवे तेव्हा लावता येतील. टेप भिंतीला लावून फोटो काढून ठेव. दारं ३६ इंची, शॉवरला उंबरा नको. त्यासाठी तिथला स्लॅब ओतताना खोलगट ठेवावा लागतो, नंतर फोडत बसणं नको.

पैशांचं एकच: करार करताना आगाऊ रक्कम १००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांतली जी कमी ती, असा इथला नियम आहे. जो २० टक्के मागतो त्याला नमस्कार कर. पुढचे हप्ते टप्प्यांना बांध, आणि दर हप्त्याला लाकूडवाल्याचं, प्लंबरचं लीन रिलीज, म्हणजे पैसे मिळाले, घरावर दावा नाही असं पत्र, हातात घे. नाहीतर मुख्य कॉन्ट्रॅक्टरने त्यांचे पैसे थकवले की दावा तुझ्या घरावर येतो.

शनिवारी क्लीनआउटचं झाकण उघडून माप कळव. तळापर्यंतची खोली, आणि तिथून कोपऱ्यापर्यंतचं अंतर. तोवर प्लॅनवाल्याला पुढचा चेक देऊ नकोस. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अभय