रानफुलांची स्पर्धा, पण जुलैत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी रानफुलांवरच्या मिश्र माध्यम चित्रस्पर्धेच्या निकालाची बातमी वाचली. बक्षीस मिळालेल्या सगळ्यांचं अभिनंदन. मीही त्यात चित्र दिलं होतं आणि मला काही मिळालेलं नाही, त्यामुळे कोल्ह्याला द्राक्षं आंबट असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. परीक्षकांबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते तारखेबद्दल. चित्र पोचवायची शेवटची तारीख होती २० जुलै.

भोरमध्ये माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि पाच किलोमीटरवर सासरची भाताची चार खाचरं. ब्लाउजपिसांच्या चिंध्या, अस्तर, उरलेला दोरा हे कागदावर चिकटवून, टाके घालून चित्रं करायची मला जुनी खोड आहे. ‘मिश्र माध्यम’ हा शब्द मात्र अर्जावरच पहिल्यांदा वाचला. लेक म्हणाली, आई, तू करतेस त्यालाच म्हणतात.

मग जूनच्या शेवटापासून दिवसाआड बांधावर जायला लागले. लावणीची घाई चाललेली, आणि मी वही घेऊन चिखलात उभी. सासूबाई बघून न बघितल्यासारखं करत होत्या. तेव्हा बांधावर होतं काय? टाकळा वीतभर, तोही शेंडे खुडून भाजीला गेलेला. तेरडा गुडघ्याच्याही खाली, कळीचा पत्ता नाही. कुर्डूची नुसती पानं. पाणथळ कडेला माका, त्याची पांढरी फुलं शर्टाच्या बटणापेक्षा लहान. आणि केना.

केन्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपार व्हायच्या आत विरघळून जातं. सुकत नाही, गळत नाही, अक्षरशः पाणी होतं. पहिल्या दिवशी मी डबा भरून फुलं आणली. दुकानात येऊन उघडते तर तळाला निळसर ओल. दुसऱ्या दिवशी कागदच बांधावर नेला आणि सात वाजता जागेवरच फूल ठेवून अंगठ्याने दाबलं. निळा डाग उठला, कडेला जरा जांभळट. याच केन्याचा वेल उपटला तेव्हा मुळाशी पांढरट कोंब दिसले आणि त्यांना मातीतच धरलेली लहान बोंडं. वर उमलतं ते एक फूल. जमिनीखाली न उमलताच बी धरणारं दुसरं. ‘म्हणूनच मरत नाही मेला. उपटून टाकला तर पडल्या जागी मुळं सोडतो,’ सासूबाई म्हणाल्या. पंचवीस वर्षं मी हा केना खुरपते आहे, पण मुळाशी काय आहे ते बघितलं नव्हतं.

शाईसाठी माक्याचा पाला ठेचला. रस कागदावर हिरवा पडतो आणि बघता बघता काळा होतो. त्यातच बांधाची रेघ ओढली. पानं वाळवायची तर पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. म्हणून तुमच्याच अंकाच्या घड्यांत घालून त्यांवरून इस्त्री फिरवली. टाकळ्याच्या पानांनी दुकानभर असा वास सुटला की ब्लाउज न्यायला आलेली बाई दारातूनच ‘उद्या येते’ म्हणाली. खाचरं केली खाकी अस्तराची, रोपं हिरव्या दोऱ्याच्या टाक्यांनी.

चित्र द्यायला गेले तर टेबलावरची मुलगी म्हणाली, ‘काकू, फूल कुठंय?’ मी निळा डाग दाखवला. तिने वहीत ‘फूल दिसत नाही’ असं लिहून घेतलं. तिचं तरी काय चुकलं?

पुढे प्रदर्शन बघितलं. निम्म्याहून जास्त चित्रांत सूर्यफुलं आणि गुलाब. एकात चक्क ट्यूलिप होती. ती अजून तरी भोर तालुक्यात बांधावर उगवत नाहीत. हात काही मुलांचा सुंदर आहे, पण जुलैत फुलं मागितल्यावर पोरं मोबाइल उघडणार नाहीत तर काय करतील? दोन चित्रांत गाजर गवताची खरी पांढरी फुलं चिकटवलेली होती. हे गवत आपल्याकडे १९५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, आणि त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. ते मुलांनी उघड्या हाताने तोडू नये एवढं तरी नियमांत लिहायला हवं होतं.

आता आश्विनात येऊन बघा. गौरींच्या आधीच तेरड्याने बांध गुलाबी केला होता. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण इस्त्रीखालीही खरी ठरते, गुलाबी पाकळी दोन दिवसांत मळकट जांभळी झाली. तेरड्याची बोंडं हल्ली हात लागताच फुटून बी उडवतात. टाकळ्याला लांब शेंगा लोंबताहेत, कुर्डूला तुरे आलेत. वर डोंगराकडे सोनकी पिवळी झाली. कासचं पठारही ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच फुलतं, हे आपणच दरवर्षी पहिल्या पानावर छापता.

शाळांची सहामाही परीक्षा मध्ये येते, म्हणून जुलै ठरवला असं ऐकलं. अडचण खरी आहे. पण मग चित्रं दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या. मुलं सुट्टीत मामाच्या गावाला जातातच. निदान दोन टप्पे करा: जुलैत कोंब-पानांचं चित्र आणि दसऱ्यानंतर त्याच जागेचं दुसरं. तेव्हा माझ्याही डागाला कुणी फूल म्हणेल. आपली पुरवणी आयोजकांपर्यंत नक्की पोचते, म्हणून हे इथे लिहिते आहे.

सोबत कुर्डूचा एक तुरा आपल्याच अंकाच्या कागदात गुंडाळून पाठवला आहे. टोकाला अजून गुलाबी आहे, खालचा भाग पांढरा होऊन पिकलाय. पाकीट टेबलावर उघडावं, काळं बारीक बी फार सांडतं.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, भोर (जि. पुणे)