एका गावात दोन पाटील: काकांना आभाराचं पत्र

नमस्कार काका,

तुम्ही आलात सातबारा काढायला, आणि तीन तास माझ्या दुकानात टेबलाखाली वाकून नेट नीट करत बसलात. बाहेर विम्याची रांग होती, त्यामुळे तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. म्हणून आज हे सगळ्यांसमोर लिहिते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, घराच्या दर्शनी खोलीत माझं ऑनलाइन सेवा केंद्र. फायबरचा मॉडेम मधल्या घरात. मधली भिंत मातीची, दीड हात जाड. वायफाय तिच्यातून येत नाही, म्हणून दुकानासाठी वेगळा राउटर मागवला. भाच्याने वायर खोचली, दिवे लागले, आम्ही खूश. मग सुरू झाला ताप. विजेची लाइन जाऊन आली की प्रिंटर गायब. नेटही लहरीवर. खरिपाच्या विम्याची शेवटची तारीख ३१ जुलै, आणि २८ तारखेला माझ्याकडे पावती निघेना. कंपनीला फोन केला की एकच मंत्र: बंद करून चालू करा. ते तर मी दिवसातून दहादा करतच होते! भाचा म्हणे, रिसेट मारू.

तुम्ही म्हणालात, "रिसेट नको मारू वो बाई. आधी सांग, जाते कवा?"

हे तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं.

तुम्ही ब्राउझरमध्ये मॉडेमचा पत्ता, १९२.१६८.१.१ हा नंबर, टाकला, मॉडेमचं निळं पान उघडलं. वायर काढून पुन्हा लावली, तोच नंबर टाकला, तर राउटरचं हिरवं पान! मला वाटलं कॉम्प्युटरच बिघडला. तुम्ही मात्र हसलात. "एका गावात दोन पाटील झाले, अन् दोघंही आपापला हुकूम चालवून रायले." दोन्ही डबे कारखान्यातूनच तो एक पत्ता घेऊन आलेले. शिवाय दोघांचंही डीएचसीपी चालू, म्हणजे घरातल्या मोबाईलना नंबर वाटायचं काम दोघंही करत होते. मग बाहेर जायचा रस्ता विचारला की कधी मॉडेम 'हो' म्हणायचा, कधी राउटर, आणि राउटरकडे तर बाहेरचा रस्ताच नव्हता.

तुम्ही आधी मधली वायर काढायला लावली. मग राउटरला स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ दिला, त्याचं डीएचसीपी बंद केलं, आणि त्यानंतरच वायर परत जोडली, तीही लॅनच्या, म्हणजे घरातल्या जोडणीच्या खाचेत. वॅनची, म्हणजे बाहेरच्या नेटची खाच रिकामीच ठेवली. राउटर झाला नुसता वायफाय पसरवणारा कोतवाल, पाटीलकी मॉडेमकडे. "आधी नंबर, मंग वायर," हे तुम्ही दोनदा बजावलं.

पण प्रिंटर तरी हलेना. त्याला प्रिंटरच्या दुकानदाराने १९२.१६८.१.५ हा कायमचा पत्ता घालून दिला होता. तुम्ही प्रिंटरचा प्लगच उपटला आणि त्याच नंबरला पिंग मारलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक दिली. उत्तर आलं! बंद प्रिंटर बोलतो कसा, म्हणून माझ्या अंगावर काटा. एकेक मोबाईल तपासला, तर .५ (नंबराचा शेवटचा आकडा) सापडला सासूबाईंच्या मोबाईलवर, त्या आत कीर्तन ऐकत होत्या. "सातबारा प्रिंटरच्या नावावर, कब्जा मोबाईलचा," तुम्ही म्हणालात, आणि रांगेतले सगळे हसले. शेतकऱ्याला हे लगेच कळतं.

लाइन गेली की मॉडेम कोणाला कोणता नंबर दिला ते विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून वाटायला बसतो. मोबाईल बॅटरीवर जागाच असतो, तो आधी हात पुढे करतो. प्रिंटर कुरकुरत सावकाश उठतो, आणि कोणाला न विचारता आपल्या जुन्या नंबरावर जाऊन बसतो. मॉडेमची वाटणी .२ पासून .२५४ पर्यंत होती, त्यात .५ पण आला. तुम्ही ती .५० ते .२०० केली आणि खालचे नंबर घरच्या पक्क्या रहिवाशांना राखले: राउटर .२, प्रिंटर .१०, कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर .११. मास्क (सगळे एकाच गावचे, हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायचं दार) .१, म्हणजे मॉडेम.

हे सगळं तुम्ही बियाण्याच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलंत, टेलिफोन खात्यातल्या त्या जुन्या, तिरप्या अक्षरात. ते मी भिंतीवर उलटं टांगलं आहे. लोक विचारतात, बाई, तारीख कुठं आहे?

पहिला कागद निघाला तो तुमचाच सातबारा. पैसे नको म्हटलं तरी मोजून ठेवून गेलात. त्या दिवसानंतर लाइन किती वेळा गेली, मोजलं नाही, पण प्रिंटर आपल्या जागेवर आहे. ३१ तारखेला रात्री साडेदहाला शेवटची पावती दिली.

आता मुलगा टीव्हीसाठी पक्का नंबर मागतो आहे. .१२ रिकामा आहे. पण तुम्हाला विचारल्याशिवाय देत नाही. या एकदा, भाकर-ठेचा खाऊनच जा.

तुमची,
सेवा केंद्रवाली बाई