रिलेच्या जोडीदारास

सातारा,
१९ सप्टेंबर २०२१

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

धावायला ना साहित्य लागते ना जोडीदार, तेव्हा टाळेबंदीत धावपटूचे काय अडले असणार, असे तुझ्या वसतिगृहातील मुले म्हणतात, हे वाचून मी अस्वस्थ झालो. गेल्या दीड वर्षात मला नेमके याच्या उलट उमगले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि क्रीडासंकुलाच्या फाटकाला कुलूप लागले. सुरुवातीचे महिने गच्चीवर गेले. बैठका, उड्या, पोटाचे व्यायाम तिथे नीट होत होते. स्टार्टच्या सरावासाठी धाकटी बहीण मागे उभी राहून टाळी वाजवी. ‘सेट’ (तयार) म्हटल्यावर दर वेळी कमीअधिक थांबायचे, हे मी तिला मुद्दाम शिकवले होते. कारण ठरावीक अंतराने वाजणाऱ्या टाळीवर शरीर अंदाजानेच उठू लागते, आणि स्पर्धेत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हालचाल झाली तर तो फॉल्स स्टार्ट, म्हणजे इशाऱ्याआधीच केलेली सुरुवात ठरतो.

निर्बंध सैल झाल्यावर मी अजिंक्यताऱ्याच्या चढावर धावू लागलो. चढावर पुढे झुकलेली ठेवण आपोआप टिकते, आणि वेग मर्यादित राहिल्याने हॅमस्ट्रिंगवर, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंवर, ताणही कमी येतो. माझे पहिले तीस मीटर त्यामुळे खरोखर सुधारले. परंतु शंभर मीटरमधला सर्वोच्च वेग साधारणतः पन्नास ते सत्तर मीटरच्या दरम्यान, शरीर पूर्ण सरळ झाल्यावर येतो. त्यासाठी सपाट ट्रॅक आणि स्पाइक्सची, म्हणजे खिळ्यांच्या बुटांची, पकड हवी, आणि शेजारच्या लेनमध्ये तोडीस तोड धावणारा कोणीतरी हवा. एकट्याने धावताना मी सर्व जोर लावत होतो, तरी तो वेग अंगात येत नव्हता.

रिलेचे तर विचारूच नकोस. संकुल उघडले तेव्हा अंतर राखून वैयक्तिक सराव करण्याचीच मुभा होती, आणि चार जणांच्या हातांतून जाणारी बॅटन (छोटी नळी) त्या नियमांत कशी बसणार? चार बाय शंभरमध्ये, म्हणजे चौघांनी प्रत्येकी शंभर मीटर धावायच्या शर्यतीत, ३० मीटरच्या पट्ट्यात बॅटन हाती यावी लागते. तू मागे न पाहता सुटायचास आणि माझ्या हाकेसरशी हात मागे करायचास. तो भरवसा एकमेकांसोबत धावूनच येतो. भिंतीसमोर हात मागे करण्याचा सराव कितीही केला तरी येत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. त्याच सुमारास आपल्या राष्ट्रीय रिले संघांवर जे ओढवले, त्याने मला फार वाईट वाटले. १ आणि २ मे रोजी पोलंडमधील सिलेसिया येथे जागतिक रिले स्पर्धा होती आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवण्याची मोठी संधी तिथेच होती. परंतु संघ नेदरलँड्समार्गे जाणार होता आणि भारतातून तिकडे जाणारी विमाने स्थगित झाल्याने संघ देशातच राहिला. पुढे जूनमध्ये पतियाळाला धावपटू द्युती चंदने शंभर मीटर ११.१७ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. थेट पात्रतेसाठी ११.१५ हवे होते, तरी जागतिक क्रमवारीच्या आधारे ती टोकियोला गेली. महिलांच्या चार बाय शंभरच्या संघाला मात्र तिथे पोहोचता आले नाही. एकटीला जे साधले ते चौघींना साधू नये, याची खंत मला आजही आहे.

आपल्या वयाचाही प्रश्न आहेच. नैरोबीची २० वर्षांखालील जागतिक स्पर्धा जुलै २०२० ऐवजी ऑगस्ट २०२१ मध्ये झाली, तेव्हा २००२ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच प्रवेश होता. आपण दोघे २००१ चे. आपण तिथवर पोहोचलोच असतो असा माझा दावा नाही. पण त्या गटातला आपला शेवटचा हंगाम झालाच नाही आणि तो पुन्हा मिळणारही नाही. मोठ्यांचे ऑलिंपिक वर्षभर पुढे गेले, तसे मुलांचे वय पुढे ढकलता येत नाही, याचा विचार वयोगट ठरवताना व्हायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

आता ट्रॅक उघडला आहे आणि खुल्या गटासाठी आपल्याला संघ बांधायचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत ये, आणि निदान आठवडाभर राहा. मधल्या काळात तुझा वेग किती राहिला आहे ते आधी पाहू. माझा स्टार्ट बदलला आहे, त्यामुळे मी कुठवर आल्यावर तू सुटायचे, ती खूणही पावले मोजून नव्याने ठरवावी लागेल. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा मित्र