हात मोकळे, पण लक्ष?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवा संध्याकाळी भांडुपहून रिक्षाने एलबीएस मार्गाने मुलुंडला येत होतो. रिक्षावाल्याचे दोन्ही हात हँडलवर, नजर समोर, कानात ब्लूटूथ. गावच्या जमिनीच्या वाटणीवरून भावाशी जोरात वाजले होते. सिग्नल लाल झाला, क्रॉसिंगवर दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी उतरली, तरी रिक्षा आपली चाललेलीच. मी ओरडलो तेव्हा कुठे ब्रेक लागला. ‘‘काका, आईशप्पथ, सिग्नल दिसलाच नाही,’’ तो म्हणाला. आमची मंडळी म्हणतात, थापा. मला तसे वाटत नाही.

अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या स्ट्रेयर आणि जॉन्स्टन या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये हेच तपासले होते. फोनवर बोलणाऱ्यांकडून प्रयोगातले सिग्नल दुपटीने हुकले, आणि फोन हातात आहे की नाही याने काही फरक पडला नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांचे तसे झाले नाही. नुसते ऐकणे निराळे, समोरच्याला उत्तर देणे निराळे. पुढे स्ट्रेयर यांनी चालकांची नजर कुठे जाते तेही टिपले. रस्त्याकडेच्या ज्या जाहिरातींवर नजर पडली होती, त्याही फोनवर बोलणाऱ्यांना नंतर नीट ओळखता येईनात. रिक्षावाला खोटे बोलत नव्हता, ते यामुळेच म्हणतो.

मग शेजारी बसलेल्याशी गप्पा कशा चालतात? त्यालाही रस्ता दिसत असतो. चौक आला की तो आपणहून गप्प होतो, नाहीतर ‘अरे, बघ’ म्हणतो. गावाकडच्या भावाला मुलुंडचा सिग्नल कुठून दिसणार!

आपला कायदा मात्र हातापाशीच अडला आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्याच्या प्रकारांत फोनचा समावेश झाला, पण तो ‘हातात धरलेल्या’ साधनापुरता. कानातल्या बोंडाचे काय? हेल्मेटमध्ये फोन कोंबून बोलत जाणाऱ्या दुचाकीवाल्यांचे काय? (मीही स्कूटरवर लेकीचा फोन घ्यायचो. आता बंद केले आहे, हे तिला इथे वाचूनच कळेल.)

निदान प्रवासी वाहनांपुरता तरी परिवहन विभागाने नियम करावा: चाक फिरत असताना फोनवर बोलायचे नाही, हँड्सफ्रीवरही नाही. भाऊ थांबेल दहा मिनिटे. अगदीच तातडीचे असेल तर रिक्षा कडेला घेऊन बोलावे, आम्ही प्रवासी तेवढे थांबू.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)