बाबांसाठी एक काम

अश्दोद, इस्राएल

प्रिय आई-बाबा,
शालोम.

आम्ही सगळे मजेत आहोत. बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. मोठा सातवीत गेला. इथे सातवीच्या मुलांना 'शोराशिम' म्हणजे मुळांचा प्रकल्प असतो. आजी-आजोबांच्या मुलाखती घ्यायच्या, वंशवृक्ष काढायचा, घराणं कुठून आलं ते वर्गात सांगायचं. त्याच्या वर्गात मोरोक्को, रशिया, इथिओपियातून आलेल्या घरांतली मुलं आहेत. हिब्रूची काळजी नाही. सुरुवातीला त्याला जादा तास होते, आता तोच आमच्या चुका काढतो. काळजी मराठीची आहे. आम्ही मराठीत विचारतो आणि तो हिब्रूत उत्तर देतो.

धाकटी बालवाडीत रमली. शुक्रवारी तिथे एका मुलीला 'शब्बाथची आई', म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाची यजमानीण करतात. परवा तिचा नंबर होता. पांढरा फ्रॉक, डोक्यावर कागदी मुकुट, समोर मेणबत्त्या आणि वेणीचा पाव. संध्याकाळी घरी मी नेहमीसारखं काळ्या मनुकांचं शरबत किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या प्रार्थनेला ठेवलं, तर म्हणाली, "असं नसतं, बाटलीतलं द्राक्षरस लागतं." आई, मला फार लागलं गं. तिला जवळ घेऊन सांगितलं, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच करतात.

शेजारच्या आजी 1960च्या दशकात लहानपणी मुंबईहून आल्या. शाळेतून त्यांच्या आईवडिलांना निरोप आला होता, घरीही हिब्रूच बोला. त्यांच्या आजीला मराठीखेरीज काही येत नव्हतं. नातवंडं तिच्याशी बोलेनाशी झाली. वर तेव्हाच रब्बिनेटने, म्हणजे इथल्या ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत मंडळाने, लग्नाच्या वेळी बेने इस्राएलींच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या वंशाची चौकशी लावली होती. लोक धरणं धरून बसले, 1964 मध्ये संसदेने बजावलं तेव्हा कुठे अधिकृतपणे बरोबरीचा मान मिळाला. त्या अजून संतापून सांगतात. मुलं लवकर रुळावीत हा शिक्षकांचा हेतू मला पटतो, पण त्यासाठी घरातलं बोलणं तोडायची काहीच गरज नव्हती. आता शाळाच मुळं विचारतेय, तर ही संधी मी सोडणार नाही.

तर बाबा, आपल्या पूर्वजांची नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेली गलबतं, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले शनवार तेली, अलिबागजवळच्या खंडाळ्याची एलियाहू हन्नाबीची, म्हणजे प्रेषित एलियाची शिळा, सगळं त्याला फोनवर सांगा. पणजोबांचा फोटोही पाठवा. आईला मलिद्याची, आपल्या प्रसादाच्या गोड पोह्यांची कृती सांगू दे, पोहे किती भिजवायचे तेही. आणि तो अडखळला तरी इंग्रजीवर जाऊ नका, मराठीतच बोला.

शब्बाथ संपल्यावर, शनिवारी रात्री फोन करते.

तुमची,
बेबी