वांध्याची बातमी

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, कांद्याच्या वांध्याच्या, म्हणजे लिलावानंतर भाव तोडल्याच्या, माझ्या बातमीत व्यापाऱ्याचं म्हणणं कशाला छापलं, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते.

लासलगावला बोली लागते ती ट्रॉलीतला वरचा माल बघून. वांधा निघतो व्यापाऱ्याच्या खळ्यावर, ट्रॉली खाली होताना. समजा, क्विंटलला २,४०० ने गेलेला माल ‘खाली हलका निघाला’ म्हणून २,००० वर आणला, तर २५ क्विंटलला १०,००० रुपये गेले. अशा शेतकऱ्याला “लुटलं ना तुम्हाला?” विचारलं की तो “हो”च म्हणणार; पण शब्द त्याचे नसतात, विचारणाऱ्याचे असतात. “ट्रॉली खाली करताना काय झालं, पहिल्यापासून सांगा” म्हटलं की भाव कोणी तोडला, तिथे आणखी कोण होतं, सगळं आपोआप येतं. मग सौदापट्टी (लिलावात ठरलेला भाव) आणि हिशेबपट्टी (प्रत्यक्ष दिलेले पैसे) शेजारी ठेवून आकडे ताडायचे. ढीग अजून पडलेला असेल तर वरचा, मधला आणि तळाचा कांदा हातात घेऊन बघायचा. वहीच्या डाव्या पानावर डोळ्यांनी पाहिलेलं, उजव्या पानावर ऐकलेलं. दोन्ही एकत्र लिहिलं की रात्री घाईत ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी उतरते.

व्यापाऱ्याला नुसतं “तुमची प्रतिक्रिया?” विचारणं म्हणजे नुसती औपचारिकता. आरोप आकड्यांसह सांगायचा आणि उत्तराला वेळ द्यायचा. रात्री नऊला एक मिस्ड कॉल देऊन ‘संपर्क होऊ शकला नाही’ छापणं ही सरळ लबाडी आहे. त्याचा खुलासाही आरोपाला लागूनच हवा. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो कोण?

आई, माल कसा होता हे निवडणीच्या बायकांइतकं नेमकं कोणी सांगत नाही, आणि त्यांनाच कोणी विचारत नाही. मुकादमासमोर विचारलं तर उत्तर मुकादमच देतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत गाठायचं. नाव छापायचं की नाही, हे बोलणं सुरू होण्याआधी ठरवायचं, कारण उद्या त्यांना त्याच खळ्यावर जायचं असतं.

काकांना सांगा, दोन्ही पट्ट्या जपून ठेवा आणि फोटो पाठवा. खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर छापताना मी झाकते.

तुमची,
धाकटी